साहेब 'साउंड्स गुड' म्हणाले, म्हणजे ऑर्डर मिळाली का?



आज जरा स्पष्ट बोलतो. इंग्रजी वाक्प्रचार पाठ करून कुणाचा धंदा वाढला, असं मी आजवर पाहिलेलं नाही. पण इंग्रजी वाक्प्रचाराचा भलताच अर्थ लावल्यामुळे माल अंगावर पडला, पेमेंट अडकलं, चांगलं गिऱ्हाईक तुटलं, हे मात्र बऱ्याचदा पाहिलंय. तरीही बाजारात कोर्स कसले विकले जातात? 'क्लायंटवर छाप पाडणारे 100 इंग्रजी वाक्प्रचार'. आपली मुलं-मुली ते पाठ करतात आणि पहिल्याच मीटिंगमध्ये दोन-तीन फेकून येतात.

माझं मत याच्या बरोबर उलट आहे. इंग्रजी वाक्प्रचार शिकाच, पण समजण्यासाठी शिका. फेकण्यासाठी नको. आणि जिथे पैशाचा विषय आला तिथे तुमच्या तोंडून एकही वाक्प्रचार निघू नये. का, ते सांगतो.

मराठीत 'बघू' आपल्याला बरोबर कळतं

समजा, तुम्ही घरगुती मसाले करता. एका किराणा दुकानदाराला सॅम्पल दिलं. त्याने वास घेतला, पुडी उलटसुलट केली आणि म्हणाला, "छान आहे हो ताई, बघू." तुम्ही त्या भरवशावर घरी येऊन 50 किलो मिरची कांडपाला टाकाल का? अजिबात नाही. 'बघू' म्हणजे काय, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नाही, तरी पक्कं माहीत असतं.

तसंच "आपण काय, घरचीच माणसं" असं गिऱ्हाईक म्हणालं की आपण ओळखतो, आता भाव पाडून मागणार. "तुमचे पैसे कुठे पळून चाललेत का?" असं म्हणालं की समजायचं, या महिन्यात काही पैसे येत नाहीत. शब्द एक आणि अर्थ दुसरा. पण आपण फसत नाही, कारण भाषा आपली आहे.

आता तोच मसाला घेऊन तुम्ही एखाद्या कंपनीच्या एसी ऑफिसात जाता. परचेसवाले साहेब हसून म्हणतात, "साउंड्स गुड! लेट्स टेक इट फॉरवर्ड." आणि आपण बाहेर पडून पहिला फोन कुणाला करतो? पॅकिंगच्या पिशव्या छापणाऱ्याला! अहो, 'साउंड्स गुड' म्हणजे नुसतं 'ऐकायला तर बरं वाटतंय'. 'टेक इट फॉरवर्ड' म्हणजे 'पुढे बोलू'. दोन्ही मिळून झालं काय? तोच किराणावाल्याचा 'बघू'. फक्त एसीमधला.

आपला गैरसमज इथेच होतो. मराठीत आपण माणसाचा सूर ऐकतो. इंग्रजीत मात्र शब्द धरून बसतो, आणि तेही आपल्याला हवे तसे.

धंद्यात कानावर येणारे इंग्रजी वाक्प्रचार तीन कामं करतात, असा माझा अनुभव आहे. काही आकडा सैल करतात. काही उशीर किंवा नकार गोड करतात. काही जबाबदारी दुसऱ्याकडे सरकवतात. एकेक प्रकार बघूया.

पहिला प्रकार: आकडा सैल करणारे

सगळ्यात जास्त ऐकू येणारा म्हणजे 'बॉलपार्क फिगर'. बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉलचं मैदान. चेंडू मैदानाच्या आत कुठेतरी आहे, नेमका कुठे ते विचारू नका, असा त्याचा भाव. आपल्याकडे म्हणायचं तर 'अंदाजे आकडा', 'मोघम हिशोब'.

केटरिंग करणारी एखादी ताई घ्या. तिला फोन येतो, "जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क." ती भोळेपणाने सांगते, "250 रुपये ताट." तिच्या मनात साधं जेवण, 200 माणसं, वाढपी वेगळे. समोरच्याच्या मनात दोन गोड पदार्थ, वाढपी आणि भांडी सगळं त्यातच. आठ दिवसांनी तो म्हणतो, "तुम्हीच 250 म्हणाला होता ना?" आता तिने भाव वाढवला तर ती शब्द फिरवणारी ठरते. नाही वाढवला तर आतबट्ट्याचा व्यवहार.

तेव्हा बॉलपार्क मागितला की एकच आकडा कधी देऊ नका. दोन आकडे द्या आणि अट जोडा. "250 ते 340 रुपये ताट, मेनूप्रमाणे. जीएसटी वेगळा. हा अंदाज आहे, कोटेशन उद्या मेलवर पाठवते." एवढं एक वाक्य. आणि कोटेशनवर 'हा भाव 15 दिवसांपुरता' हे लिहायचंच. तेल, डाळ, सिलिंडर यांचे भाव आपल्यासाठी थांबत नाहीत.

याच घरातला दुसरा भाऊ म्हणजे 'गिव्ह ऑर टेक'. "500 पीसेस, गिव्ह ऑर टेक." म्हणजे 500 च्या आसपास, थोडं इकडेतिकडे. तुम्ही 500 शिवून ठेवले आणि त्याने 430 उचलले, तर उरलेले 70 टी-शर्ट त्याच्या कंपनीचा लोगो लावून कुणाला विकणार? 'किमान किती घेणार' हा आकडा कागदावर आल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका.

दुसरा प्रकार: नकार गोड करणारे

'ऑन द बॅक बर्नर' हा शब्द मला फार आवडतो, कारण तो थेट स्वयंपाकघरातला आहे. गॅसच्या मागच्या शेगडीवर भांडं सारून ठेवायचं. ज्यांच्या घरी चूल होती त्यांना वैल आठवेल. मुख्य चुलीवर भाकरी आणि वैलावर आमटी नुसती कोमट राहते. तिकडे कुणाचं लक्ष नसतं. साहेब म्हणाले की तुमचं प्रपोजल बॅक बर्नरवर आहे, तर समजा, तुम्ही वैलावर आहात. विझवलं नाही, पण शिजतही नाही. रोज फोन करून उपयोग नाही, एक महिन्याने करा. आणि तोवर दुसरं गिऱ्हाईक शोधा.

'रेन चेक' हाही बेसबॉलमधलाच शब्द. पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकांना पुढच्या एखाद्या सामन्यासाठी जे तिकीट मिळायचं, ते रेन चेक. म्हणून "कॅन आय टेक अ रेन चेक?" याचा अर्थ 'आत्ता जमत नाही, पुन्हा कधीतरी'. यात ना पावसाचा संबंध ना बँकेच्या चेकचा. चेक मिळणार म्हणून पावतीपुस्तक काढून बसू नका!

'वी विल गेट बॅक टू यू' आणि 'लेट्स टच बेस नेक्स्ट वीक' ही दोन वाक्यं तर रोजची. पहिलं म्हणजे 'कळवतो'. दुसरं म्हणजे 'पुढच्या आठवड्यात एकदा बोलू'. कोण बोलणार, कधी बोलणार, कशाबद्दल बोलणार, काहीच ठरलेलं नाही.

कृपया असं समजू नका की समोरचा माणूस खोटारडा आहे. तोंडावर 'नाही' म्हणायला कुणालाच आवडत नाही. तुम्हीही भाचीच्या लग्नात न आवडलेल्या साडीला "वेगळीच आहे" म्हणताच की! इंग्रजी बोलणारा माणूसही तेच करतो. फक्त त्या गोड शब्दांच्या जिवावर कर्ज काढायचं नाही.

तिसरा प्रकार: जबाबदारी सरकवणारे

'द बॉल इज इन युअर कोर्ट'. हा टेनिसमधला. चेंडू आता तुमच्या बाजूला आहे, म्हणजे पुढची हालचाल तुम्ही करायची. यात कोर्टकचेरी काही नाही. मेलमध्ये 'कोर्ट' वाचून घाबरलेले लोक मी पाहिलेत. पण घाबरण्यापेक्षा वाईट म्हणजे गप्प बसणं. तुम्ही त्यांच्या उत्तराची वाट बघताय, ते तुमच्या उत्तराची. तीन आठवडे गेले, सीझन गेला.

'पासिंग द बक' म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणं. इथे 'बक' म्हणजे डॉलर नव्हे. पत्त्यांच्या पोकर खेळात पिसायची पाळी कुणाची, हे दाखवायला जी खूण पुढे सरकवायचे, तिला बक म्हणत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या टेबलावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी असायची. म्हणजे ढकलाढकली इथे संपते, जबाबदारी माझी. छोट्या धंद्यात मालक, मॅनेजर, डिलिव्हरी बॉय सगळं आपणच असतो, त्यामुळे ही पाटी आपल्या कपाळावरच लिहिलेली असते.

'वी आर ऑन द सेम पेज' म्हणजे आपलं दोघांचं एकमत आहे. ऐकायला किती छान! पण कशावर एकमत? डिलिव्हरीचा टेम्पो कुणाचा, फुटलेल्या बरण्यांची भरपाई कुणाची, यावर कुणी बोललंच नसेल, तर 'सेम पेज' कोरं आहे असं समजा.

आपल्याच तोंडचे काही शब्द

समोरच्याचं झालं. आता आपण काय बोलतो ते बघू.

एका वर्कशॉपच्या माहितीपत्रकावर मी हे वाक्य वाचलंय: 'वी कट कॉर्नर्स टु गिव्ह यू बेस्ट प्राइस'. बिचाऱ्याला म्हणायचं होतं, आम्ही फालतू खर्च कापतो. पण 'कट कॉर्नर्स' म्हणजे पैसे वा वेळ वाचवायला कामात कुचराई करणं, दर्जाला कात्री लावणं. म्हणजे त्याने स्वतःच्या पैशाने छापून जाहीर केलं की आम्ही काम उरकून टाकतो. हात दाखवून अवलक्षण ते हेच!

'चीप अँड बेस्ट' हा आपला लाडका शब्द. भारतात चालून जातो. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला 'चीप' म्हटलं की स्वस्तापेक्षा 'हलका माल' जास्त ऐकू येतो. त्याऐवजी 'रीझनेबल प्राइस' म्हणा.

'आय विल रिव्हर्ट' हेही तसंच. भारतातल्या ऑफिसांत 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं. बाहेरच्या अनेकांना त्याचा अर्थ लागतो 'पूर्वीच्या स्थितीत परत जाणं'. 'आय विल रिप्लाय बाय फ्रायडे' लिहा, विषय संपला. 'डू द नीडफुल' लिहिण्यापेक्षा नेमकं काय करून हवंय ते लिहा.

स्टार्टअपवाल्यांचा आवडता शब्द 'बूटस्ट्रॅप'. बाहेरचा गुंतवणूकदार न घेता स्वतःच्या पैशावर धंदा उभा करणं. गंमत अशी की बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलणं ही 19व्या शतकातल्या अमेरिकेत अशक्य गोष्टीची थट्टा होती. आज तीच शाबासकी झाली. आपल्याकडे याला जुना, जास्त खरा शब्द आहे: पदरमोड. माझ्या बॅचमधल्या कितीतरी मैत्रिणी "मी काही बूटस्ट्रॅप वगैरे नाही सर, मंगळसूत्राशिवायचे दागिने ठेवून गिरणी घेतली" असं सांगतात. अहो, तुम्ही त्यांच्यापेक्षा आधीपासून बूटस्ट्रॅप आहात. शब्द माहीत नव्हता, एवढंच.

एकच शब्द, दोन देशांत उलटा अर्थ

आता निर्यातीचं स्वप्न बघणाऱ्यांनी जरा कान द्या. ब्रिटनमध्ये एखादा मुद्दा 'टेबल' करणं म्हणजे तो चर्चेला घेणं. अमेरिकेत 'टेबल' करणं म्हणजे तो बाजूला ठेवणं. अगदी उलट! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांचा या एका शब्दावरून मोठा वाद झाला. दोघांनाही खरं तर तीच गोष्ट हवी होती. विन्स्टन चर्चिल यांनी महायुद्धाच्या आपल्या इतिहासात हे नोंदवून ठेवलंय.

विचार करा. दोघांची मातृभाषा इंग्रजी, दोघे मित्रदेश, समोर युद्ध. तरी गडबड झाली. मग सांगली-सोलापुरातून मेल लिहिणाऱ्या माणसाने "मला अर्थ कळला नाही, जरा सोपं सांगाल का?" असं विचारायला लाजायचं काय कारण?

गोड शब्दांना तारीख नसते, कायद्याला असते

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, कारण यात तुमचे पैसे आहेत.

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 7 प्रमाणे प्रस्तावाचा स्वीकार निखळ आणि विनाशर्त असावा लागतो. म्हणजे 'घेतो' याचा अर्थ 'घेतो' असाच निघाला पाहिजे. 'साउंड्स गुड'वर भांडायला गेलात तर आधी त्याचा अर्थ काय, यावरच वकिलाची फी जाईल.

दुसरा कायदा 2006 सालचा, एमएसएमईडी कायदा. तुमचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे, उद्यम नोंदणी आहे आणि तुम्ही माल किंवा सेवा दिली, तर खरेदीदाराने लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे असतात. ही मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पैसे अडकले तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते.

मात्र हे लक्षात ठेवा: नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना 2021 मध्ये उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली, ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं हे संरक्षण त्यांना त्यातून मिळत नाही. आणि उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यांनी नोंदणी पहिला माल पाठवण्याआधीच करून ठेवावी, पैसे अडकल्यावर धावपळ नको.

आता बघा, हा कायदा कशावर चालतो? ऑर्डरच्या कागदावर, चलनावर, माल मिळाल्याच्या सहीवर आणि तारखेवर. 'पेमेंट इज इन द पाइपलाइन' या वाक्यात यातलं काय आहे? काहीच नाही. पाइपलाइन किती लांब आहे हे कुणी सांगत नाही!

मग करायचं काय? तारीख, आकडा, नाव

कुणी इंग्रजी वाक्प्रचार वापरला की मनात तीन प्रश्न विचारा. आकडा किती? तारीख कोणती? कुणाच्या नावावर? वाक्यात यातलं काही नसेल, तर नम्रपणे तेच विचारायचं. इंग्रजी साधं चालतं:

"सर, इज धिस अ कन्फर्म्ड ऑर्डर?"

"मॅडम, बाय व्हॉट डेट?"

"हू विल अरेंज द ट्रान्सपोर्ट, यू ऑर मी?"

व्याकरण चुकलं तरी चालेल. उच्चार गावाकडचा असला तरी चालेल. मीटिंग संपल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल किंवा व्हॉट्सॲप टाका: आपलं असं असं ठरलं, एवढे नग, हा भाव, ही तारीख, काही चुकलं असेल तर कळवा. हे लिहायला पाच मिनिटं लागतात. ज्याला खरंच माल हवाय तो 'येस' लिहितो. ज्याचा 'बघू' होता तो गप्प बसतो. त्याचं गप्प बसणं हेही उत्तरच आहे, आणि तेही फुकटात मिळालेलं.

"पण सर, इंग्रजी झाडलं नाही तर कॉर्पोरेटवाले उभं करत नाहीत"

हा प्रश्न दर बॅचला येतो, आणि तो खोटा नाही. काही ऑफिसांत रिसेप्शनपासूनच माणसाला इंग्रजीवरून जोखतात. म्हणूनच मी म्हणतो, समजायला शिका. समोरचा काय बोलला ते कळलं नाही तर तुम्ही खोलीत असूनही नसल्यासारखे. पण छाप पडते ती सॅम्पल ठरल्या दिवशी पोचल्यावर, बिलात चूक नसल्यावर, फोन उचलल्यावर. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला घालून गिऱ्हाईक एकदा फसेल, दुसऱ्यांदा येणार नाही.

आणि खरं सांगू? धंद्याची भाषा कशी असावी हे आपल्या बाजारपेठेतल्या एका पाटीने कधीच शिकवलंय: 'आज रोख, उद्या उधार'. चार शब्द. कुणाचा अपमान नाही, कुणाला खोटी आशा नाही, आणि दुकानात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या सेकंदाला कळतं की इथे उधारी नाही. यापेक्षा चांगली पेमेंट टर्म मला तरी कुठल्या इंग्रजी पुस्तकात मिळालेली नाही.

या आठवड्याचं काम सोपं आहे. तुमच्या मोबाइलमधले गेल्या महिन्यातले गिऱ्हाइकांचे मेसेज काढा. 'साउंड्स गुड', 'विल गेट बॅक', 'इन द पाइपलाइन', 'ऑलमोस्ट डन' असं जिथे जिथे आहे, तिथे वहीत तीन रकाने करा: आकडा, तारीख, नाव. जे रकाने रिकामे राहतील, त्यांना उद्या सकाळी फोन करा. आणि ते भरेपर्यंत त्या ऑर्डरसाठी कच्चा माल घेऊ नका.